यंत्रांच्या देखभालीत ऑपरेटरचा सहभाग: चेकलिस्ट रोज भरल्या जातात, पण बिघाड कमी होत नाहीत

प्रश्न: देखभाल_नियोजक

नमस्कार. मी एका प्रक्रिया उद्योगात देखभाल नियोजनाचे काम पाहतो. आमच्याकडे पंप, गिअरबॉक्स, कन्व्हेयर, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर अशी फिरती यंत्रे मोठ्या संख्येने आहेत आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. देखभालीची जबाबदारी केवळ देखभाल विभागावर न राहता यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरचाही तिच्यात वाटा असावा, असे व्यवस्थापनाने काही काळापूर्वी ठरवले. त्यानुसार प्रत्येक यंत्राजवळ दैनंदिन तपासणीची चेकलिस्ट लावण्यात आली. ऑइल लेव्हल, आवाज, तापमान, गळती, बेल्टचा ताण, गार्ड आणि स्वच्छता असे रकाने तिच्यात आहेत आणि प्रत्येक रकान्यात ऑपरेटरने ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ अशी खूण करायची असते.

सुरुवातीला या कागदांतून बरेच काही हाती लागले. सैल झालेले फाउंडेशन बोल्ट, तुटलेले गार्ड, बंद पडलेले प्रेशर गेज अशा कितीतरी गोष्टी ऑपरेटर लोकांनी लिहून दिल्या. पुढे शेरे कमी होत गेले आणि आता जवळजवळ प्रत्येक कागदावर वरपासून खालपर्यंत ‘ठीक’ असते. अलीकडेच आमच्या एका कन्व्हेयरचा गिअरबॉक्स तेलाअभावी बसला. आउटपुट शाफ्टच्या सीलमधून तेल बराच काळ झिरपत असावे, कारण खालच्या फ्रेमवर धूळ आणि तेल मिळून घट्ट झालेला जाड थर होता. तरीही त्या दिवसापर्यंत प्रत्येक पाळीच्या कागदावर ऑइल लेव्हलसमोर ‘ठीक’ अशीच खूण आढळली.

या घटनेवर झालेल्या बैठकीत दोन टोकाची मते पुढे आली. उत्पादन विभागाच्या मते ऑपरेटरला यंत्र चालवण्यातूनच सवड मिळत नाही, त्यामुळे ही कामे त्याच्या गळ्यात घालणेच चूक आहे. देखभाल विभागातील काही जणांच्या मते ऑपरेटरने पाना हातात घेतला की आमचे काम वाढते, तेव्हा त्याने यंत्र चालवावे आणि बाकीचे आमच्यावर सोडावे. खोट्या खुणा करणाऱ्यांवर कारवाई करावी, अशीही सूचना आली. पण कारवाईच्या भीतीने कागद अधिक खरा होईल असे मला वाटत नाही.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून मला मुख्यतः हे समजून घ्यायचे आहे की ऑपरेटरकडे नेमकी कोणती कामे द्यावीत, कोणती देऊ नयेत, आणि सुरुवातीला लोकांनी जो उत्साह दाखवला तो का मावळला असावा.

---

उत्तर: यांत्रिक_देखभाल

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एक अडचण तपासणी कशी सांगितली आहे याची आहे आणि दुसरी तपासणीतून आलेल्या माहितीचे पुढे काय होते याची. पहिलीबद्दल मी सविस्तर लिहितो. दुसरीबद्दल यंत्र चालवणाऱ्या एखाद्या सभासदाने लिहिले तर ते अधिक मोलाचे ठरेल.

‘ऑइल लेव्हल ठीक आहे का’ हा प्रश्न विचारताना आपण असे गृहीत धरतो की ठीक म्हणजे किती, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला सारखेच माहीत आहे. प्रत्यक्षात तेल उडवून वंगण करणाऱ्या गिअरबॉक्सची पातळी यंत्र चालू असताना वेगळी दिसते आणि बंद असताना वेगळी. साइट ग्लास, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी काच, आतून काळवंडली असेल तर तेल नसतानाही काचेवरच्या जुन्या डागामुळे ते असल्याचा भास होतो. तुमच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत असेच घडले असण्याची शक्यता मला बरीच वाटते, त्यामुळे कोणाला खोटे ठरवण्याआधी ती काच एकदा जवळून पाहावी. उपाय साधा आहे. काच साफ करावी किंवा बदलावी, यंत्र बंद असतानाची कमाल आणि किमान पातळी तिच्या शेजारी रंगाच्या दोन रेघांनी दाखवावी आणि पातळी केव्हा पाहायची तेही तिथेच लिहावे. मग ‘ठीक आहे का’ हा प्रश्नच उरत नाही. तेल दोन रेघांच्या मध्ये आहे किंवा नाही, एवढेच पाहायचे असते.

गळतीचेही तसेच आहे. ‘गळती नसावी’ असे सरसकट लिहिणे धोक्याचे आहे, कारण ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती दाबून बसवलेले दोरीसारखे पॅकिंग) असलेल्या पंपातून थोडे थेंब पडलेच पाहिजेत. पॅकिंग आणि शाफ्ट स्लीव्ह यांच्यामधले वंगण आणि थंडावा त्या थेंबांतूनच मिळतो. मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. चेकलिस्टवर ‘गळती शून्य’ असे लिहिलेले पाहून एखादा कामसू ऑपरेटर ग्लँडचे नट आवळतो, पॅकिंग जळते, स्लीव्हवर चरे पडतात आणि त्यानंतर तो पंप खरोखरच गळू लागतो. याउलट मेकॅनिकल सील (एकमेकींवर फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्यांनी गळती रोखणारे सील) असलेल्या पंपाखाली थेंब दिसणे हीच बातमी आहे. एकाच ओळीत उभ्या असलेल्या दोन पंपांसाठी नियम उलटे असतील, तर ते त्या त्या पंपावर लिहिलेले असायला हवेत. कार्यालयातल्या एकाच छापील नमुन्यात ते मावणार नाहीत.

तापमान हाताला किती गरम लागते यावर सोडू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर दिला तर फारच चांगले, पण चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो, म्हणून बेअरिंग हाउसिंगवर एक ठिपका मॅट काळ्या रंगाने रंगवून रोज तिथेच मोजायला सांगावे. आकडा लिहायचा असला की ऑपरेटरला यंत्रापाशी जावेच लागते आणि कालच्या आकड्याशी आजचा ताडूनही पाहता येतो. खूण करायला मात्र यंत्रापाशी जाण्याची गरज नसते, हे कटू असले तरी खरे आहे.

आता स्वच्छतेबद्दल, जिचा तुमच्या यादीत शेवटी एक रकाना आहे. ज्या पद्धतीला आपण टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे सर्वांच्या सहभागाने होणारी देखभाल) म्हणतो, तिची मांडणी जपानमध्ये सेइइची नाकाजिमा यांनी केली आणि १९७१ मध्ये निप्पॉनडेन्सो या कंपनीने ती संपूर्ण कारखान्यात राबवून दाखवली. या पद्धतीत ऑपरेटरने स्वतः करायच्या देखभालीच्या सात पायऱ्या आहेत आणि त्यांतली पहिली पायरी यंत्राची मुळापासून साफसफाई ही आहे. तपासणीच्या याद्या त्यानंतर येतात. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. फडके घेऊन माणूस जेव्हा गिअरबॉक्सच्या बुडापासून मोटरच्या पंख्यापर्यंत प्रत्येक जागा पुसतो, तेव्हा त्याच्या हाताला सैल नट लागतो, बेसप्लेटमधली तडा गेलेली वेल्डिंग दिसते, ब्रीदरच्या (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडाच्या) जाळीत कोंबून बसलेली धूळ दिसते. तुमच्या कन्व्हेयरच्या फ्रेमवरचा तो घट्ट थर एकदा खरवडून काढला असता, तर दुसऱ्याच पाळीत त्या जागी ताजे तेल चमकले असते आणि ते कुठून येते हे शोधावेच लागले असते. घाणेरड्या यंत्रावर नवी गळती दिसतच नाही.

दुसरी पायरी तितकीच महत्त्वाची आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच गाळली जाते. घाण जिथून येते ते मूळ बंद करणे आणि जिथे हात किंवा नजर पोहोचत नाही तिथे ती पोहोचेल असे करणे, ही ती पायरी. चाळीस मिनिटांची साफसफाई कायमची ऑपरेटरच्या माथी मारायची नसते; गार्डला जाळीची खिडकी करून, ग्रीस निपल नळीने बाहेर आणून, सांडणाऱ्या मालाखाली ट्रे लावून ती काही मिनिटांवर आणायची असते. हे काम देखभाल विभागाने करून द्यायचे असते. उत्पादन विभागाचा वेळेबद्दलचा आक्षेप योग्यच आहे, आणि त्याला हेच उत्तर आहे.

ग्रीसबद्दल मात्र सावध राहावे. ‘ग्रीस मारा’ असे सांगून गन हातात दिली की माणूस प्रेमाने भरपूर ग्रीस मारतो. हाउसिंग गच्च भरते, ग्रीस आत घुसळले जाते आणि बेअरिंग तापते. किती ग्रॅम, म्हणजे त्या विशिष्ट गनचे किती स्ट्रोक, आणि किती दिवसांनी, हे ठरवून दिल्याशिवाय ते काम ऑपरेटरकडे देऊ नये. खरे तर फिटरकडेही देऊ नये.

---

उत्तर: पाळीतील_ऑपरेटर

वरच्या सभासदांनी बोलावल्यासारखे लिहिले आहे, म्हणून लिहितो. मी बरीच वर्षे पंपहाउस आणि त्यापुढचा विभाग चालवतो आहे. शेरे का थांबले, हे तुम्ही विचारले आहे. तुमच्या कारखान्यातले मला माहीत नाही, पण आमच्याकडे जे घडले ते सांगतो. बहुधा फारसा फरक नसेल.

आमच्याकडे एका पंपाचे कपलिंग खडखडत होते. ते पहिल्या पाळीत लिहिले गेले, दुसऱ्या पाळीत लिहिले गेले आणि पुढेही लिहिले जात राहिले. कागद पाळीच्या शेवटी सुपरवायझरच्या ट्रेमध्ये जात असे, तिथून फायलीत, आणि फाइल कपाटात. देखभाल विभागाला ते पोहोचले की नाही, पोहोचले असेल तर त्यांनी काय ठरवले, हे आम्हाला कधी कळले नाही. कदाचित त्यांनी ते पाहून शटडाऊनपर्यंत चालेल असा योग्य निर्णयही घेतला असेल. पण ज्या माणसाने लिहिले त्याला उत्तरच मिळाले नाही, तर पुढच्या वेळी तो का लिहील? त्यानंतर ‘ठीक’ लिहिणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणू शकता, पण आपल्या शब्दाला तिथे किंमत नाही हा अनुभव त्याने आधी घेतलेला असतो.

आता आमच्याकडे वेगळी रीत आहे आणि ती टिकली आहे. दोष दिसला की ऑपरेटर दोन भागांच्या टॅगवर, म्हणजे चिठ्ठीवर, तो लिहून यंत्रावर बांधतो आणि त्याचा दुसरा अर्धा भाग पाळीच्या फलकावर लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नियोजक त्या फलकापाशी येतो आणि प्रत्येक अर्ध्या भागावर आपल्या हाताने लिहितो: काम स्वीकारले आणि अमुक तारखेला करणार, किंवा स्पेअर मागवला आहे, किंवा हे काम करणार नाही आणि त्याचे कारण अमुक. शेवटचे उत्तर लोकांना आवडत नाही असे तुम्हाला वाटेल. पण कारण पटण्यासारखे असेल तर नकारही चालतो. मौन चालत नाही. दुरुस्ती झाली की टॅग फिटरने काढायचा नाही. ज्या पाळीने तो बांधला त्या पाळीच्या माणसाने यंत्र चालवून पाहायचे आणि मग काढायचा. या एका गोष्टीमुळे अर्धवट कामे जागच्या जागी उघडी पडू लागली आणि फिटर मंडळीही काम सोपवताना दोन शब्द बोलू लागली.

दुसरी गोष्ट भाषेची. संगणकावर बिघाडाचे कारण निवडायला जी यादी येते, तिच्यात आम्हाला जे दिसते ते नसते. आमच्या एका पंपात सक्शनला, म्हणजे द्रव आत शिरते त्या बाजूला, मोठे खडे फिरल्यासारखा आवाज येत असे, पण तो कायम येत नसे. टाकी खालच्या पातळीला गेली आणि त्याच वेळी नवा माल सुरू झाला, तरच येई. यादीत ‘आवाज’ एवढेच होते, म्हणून प्रत्येक वेळी बेअरिंग तपासले गेले आणि प्रत्येक वेळी ते चांगले निघाले. शेवटी एका फिटरने ‘नेमका केव्हा येतो’ असे समोर बसून विचारले आणि सक्शन स्ट्रेनर उघडला, तर तो निम्म्याहून अधिक चोंदलेला होता. पंपाला पुरेसे द्रव मिळत नव्हते आणि इम्पेलरजवळ (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाजवळ) कॅव्हिटेशन, म्हणजे दाब कमी पडल्याने द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे, होत होते. केव्हा होते, कशानंतर होते, कशाने थांबते, या तीन प्रश्नांसाठी टॅगवर मोकळी जागा ठेवावी. आवाज ओळखायला आम्ही शिकलेले नसू, पण तो केव्हा सुरू झाला हे आमच्याइतके कोणाला माहीत नसते.

आणखी एक. यंत्र आम्ही कसे चालवतो यावरही त्याचे आयुष्य ठरते, हे आम्हाला कोणीतरी दाखवून द्यायला हवे. सेंट्रिफ्युगल पंप चालू करताना सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असावा, हे आम्ही पाठ केलेले होते. पण प्रवाह कमी करण्यासाठी सक्शनचा व्हॉल्व्ह दाबला तर आत काय होते, हे एका फिटरने खराब झालेला इम्पेलर हातात देऊन दाखवले तेव्हा खऱ्या अर्थाने समजले. त्याच्या पात्यांवर वाळवी लागल्यासारखे खड्डे पडले होते. त्यानंतर आमच्या पाळीत कोणी सक्शन व्हॉल्व्हला हात लावत नाही.

---

उत्तर: विद्युत_सुरक्षा

कोणती कामे देऊ नयेत, यावर थोडक्यात पण ठामपणे लिहिते.

ज्या कामासाठी गार्ड काढावा लागतो, पॅनेल उघडावे लागते किंवा यंत्रात साठलेल्या ऊर्जेचा संबंध येतो, ते काम प्रशिक्षण आणि लॉकआउट-टॅगआउटची (ऊर्जेचा पुरवठा तोडून त्यावर कुलूप आणि सूचनापट्टी लावण्याची) लेखी पद्धत यांच्याशिवाय ऑपरेटरकडे जाता कामा नये. स्टॉप बटण दाबणे म्हणजे यंत्र सुरक्षित करणे नव्हे. बंद केलेल्या हायड्रॉलिक यंत्रणेत ॲक्युम्युलेटरमुळे (दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीमुळे) दाब टिकून राहतो, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो, आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हमधील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही काही मिनिटे भारित असतात. तेल-ग्रीसची साधी साफसफाईसुद्धा फिरत्या यंत्रावर करू नये. पहिल्या साफसफाईच्या उत्साहात फडके शाफ्टमध्ये अडकून अपघात होतात, म्हणून ती पहिली सफाई यंत्र कुलूपबंद असतानाच आणि फिटर सोबत असतानाच व्हावी.

विद्युत बाजूने ऑपरेटरचा मोठा उपयोग दोन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण मोटरचे थंड राहणे. पंख्याच्या कव्हरची जाळी आणि मोटरच्या अंगावरच्या फिन्स धुळीने भरल्या की वाइंडिंगचे तापमान वाढते, आणि दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा मोटर क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. जाळी मोकळी ठेवणे हे काम ऑपरेटर सहज करू शकतो.

दुसरे ठिकाण ओव्हरलोड ट्रिप झाल्यावर काय करायचे हे. मोटर ट्रिप झाली की रिसेट करून पुन्हा चालू करण्याची सवय सर्वत्र असते आणि पाळीच्या दबावात ती स्वाभाविकही आहे. मोठ्या मोटरला थंड अवस्थेत लागोपाठ दोन आणि गरम अवस्थेत एकच स्टार्ट द्यावा, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे, कारण सुरू होताना ती पूर्ण भाराच्या कित्येक पट करंट घेते आणि ती उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. रिसेट करण्याचा अधिकार ऑपरेटरकडे ठेवावा, परंतु एकदाच. दुसऱ्यांदा ट्रिप झाली तर यंत्र थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलावण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असावा आणि उत्पादन थांबल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. हा दुसरा अधिकार लेखी नसेल तर पहिला धोक्याचा ठरतो.

---

प्रश्नकर्ता: देखभाल_नियोजक

सर्वांचे मनापासून आभार. साइट ग्लास पाहिली. यांत्रिक_देखभाल यांनी म्हटल्याप्रमाणे ती आतून इतकी काळवंडलेली आहे की रिकाम्या गिअरबॉक्समध्येही निम्म्यापर्यंत तेल असल्यासारखे दिसते. ही गोष्ट बैठकीत सांगितल्यावर कारवाईची सूचना मागे पडली.

टॅगची पद्धत आम्ही एका विभागात सुरू करण्याचे ठरवत आहोत. मात्र व्यवस्थापनाला परिणाम आकड्यांत हवा आहे. प्रत्येक ऑपरेटरने महिन्याला किमान किती टॅग लिहावेत याचे लक्ष्य ठरवावे आणि यश ओईईवरून, म्हणजे यंत्राच्या एकूण परिणामकारकतेच्या टक्केवारीवरून, मोजावे, असा प्रस्ताव आहे. मला त्यात काहीतरी खटकते, पण नेमके काय ते मांडता येत नाही.

---

उत्तर: विश्वासार्हता_अभियंता

तुम्हाला जे खटकते आहे ते योग्य आहे. टॅगच्या संख्येचे लक्ष्य दिले की टॅग मिळतात. दोष मिळतीलच असे नाही. महिनाअखेरीस ‘रंग उडाला आहे’ अशा टॅगची रास लागते, नियोजक तिच्याखाली दबतो, उत्तरांना उशीर होतो आणि पाळीतील_ऑपरेटर यांनी वर्णन केलेले मौन पुन्हा सुरू होते. संख्या मोजायचीच असेल तर ती नियोजकाच्या बाजूची मोजावी: उत्तर न मिळालेले टॅग किती आणि त्यांतला सर्वांत जुना किती दिवसांचा आहे. तो आकडा फलकावर सर्वांना दिसेल असा लिहावा.

ओईई म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तीन गुणोत्तरांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के यांचा गुणाकार सुमारे ८५ टक्के होतो आणि तोच आकडा आदर्श म्हणून सर्वत्र सांगितला जातो. यंत्रावर तोटा कुठे होतो हे पाहण्यासाठी हे मोजमाप उत्तम आहे, पण कच्चा माल, मागणी, उत्पादनातला बदल अशा अनेक गोष्टींनी तो हलतो. ऑपरेटरच्या निरीक्षणाचा परिणाम त्यात वेगळा दिसणार नाही. तो खाली गेला की निरीक्षणाचा उपयोग नाही आणि वर गेला की यश आले, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात.

त्याऐवजी एक वेगळा प्रश्न विचारावा, असे मी सुचवेन. जी दुरुस्ती झाली, तिची पहिली सूचना यंत्र बंद पडण्याआधी मिळाली होती की यंत्र बंद पडले हीच पहिली सूचना होती? प्रत्येक वर्क ऑर्डरवर हा एकच रकाना वाढवला, तरी काही महिन्यांत आधी कळलेल्या बिघाडांचे प्रमाण दिसू लागते. ऑपरेटरच्या सहभागाचा थेट परिणाम याच प्रमाणावर होतो.

याचे कारण बिघाडांच्या स्वरूपातच आहे. विमान उद्योगात एफ. स्टॅनले नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी १९७८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्के भागांमध्येच वय वाढेल तसा बिघाडाचा संभव वाढताना आढळला. उरलेल्या ८९ टक्के भागांत वय आणि बिघाड यांचा तसा संबंध नव्हता, आणि ६८ टक्के भागांत तर बिघाडाचा संभव बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच अधिक होता. हे आकडे विमानांच्या भागांचे आहेत. तुमच्या पंपांना ते जसेच्या तसे लागू करू नयेत. पण ठरावीक मुदतीने सगळे उघडून बदलण्याने विश्वासार्हता आपोआप येत नाही आणि दुरुस्तीनंतरचे पहिले काही तास सर्वांत नाजूक असतात, हा त्यातला बोध कारखान्यातही खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन यांनीही हेच पाहिले होते: दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच विमानांच्या तक्रारी वाढत आणि पुढे हळूहळू कमी होत. यंत्र उघडण्यातूनच काही दोष आत शिरत होते. म्हणून दुरुस्तीनंतर ऑपरेटरने यंत्र चालवून पाहणे आणि पहिल्या पाळीत अधिक वेळा नोंद घेणे, ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही.

मुदतीवर विसंबता येत नसेल, तर बिघाडाची चाहूल लागण्यावर विसंबावे लागते. दोष ओळखता येण्याजोगा होतो तो क्षण आणि यंत्र काम करेनासे होते तो क्षण, यांमधल्या काळाला पी-एफ अंतर म्हणतात. बेअरिंगच्या बाबतीत व्हायब्रेशनमधून मिळणारी सूचना सहसा बरीच आधी येते, कानाला ऐकू येणारा आवाज त्यानंतर आणि हाताला जाणवणारी उष्णता सर्वांत शेवटी. तपासणीचा कालावधी या अंतराच्या निम्म्याहून जास्त असू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या व्हायब्रेशन तंत्रज्ञाला आठवड्याभरात वाढणारा दोष सापडणारच नाही. प्रत्येक पाळीत यंत्रापाशी असणाऱ्या माणसाला तो सापडू शकतो. उलट अगदी सुरुवातीचा दोष तंत्रज्ञाच्या उपकरणालाच दिसेल. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रश्नच इथे येत नाही.

तुमच्या गिअरबॉक्सचे उदाहरण घेऊन प्रत्येक रकाना याच कसोटीवर तपासावा. सील झिरपू लागल्यापासून तेल किमान रेघेखाली जाईपर्यंत बहुधा कित्येक आठवडे मिळतात, म्हणजे ती पातळी प्रत्येक पाळीत पाहण्याची गरज नाही; आठवड्यातून एकदा, ठरलेल्या पाळीत, यंत्र थांबलेले असताना नीट पाहणे पुरेसे आहे. सक्शन स्ट्रेनर मात्र एका पाळीतही चोंदू शकतो. मला खात्री आहे की अशा रीतीने यादी तपासली तर रोजचे निम्मे रकाने गळून पडतील आणि जे उरतील ते लोक मनापासून पाहतील.

---

उत्तर: फिटर_मेकॅनिकल

सर्वांचे वाचून एक बाजू राहिली असे वाटते, ती आमची. ‘ऑपरेटरने पाना घेतला की काम वाढते’ असे म्हणणारे सहकारी मला माहीत आहेत. त्यामागे दोन गोष्टी असतात. एक तर खरोखर चुकीच्या हाताने बिघडलेली कामे त्यांनी निस्तरलेली असतात. दुसरी गोष्ट ते उघड बोलत नाहीत: ही कामे ऑपरेटरने केली तर उद्या आपली गरज किती उरेल, ही काळजी. तिचे उत्तर व्यवस्थापनाने सुरुवातीलाच आणि लेखी द्यावे. ऑपरेटरकडे गेलेल्या कामांतून आमचा जो वेळ वाचेल तो माणसे कमी करण्यासाठी वापरला जाणार नाही. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बेअरिंग का गेले याचा शोध आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण यांसाठी तो वापरला जाईल, असे त्यात स्पष्ट असावे. ऑपरेटरच्या बाजूनेही हाच प्रश्न पगाराच्या रूपात येतो. नवे कौशल्य शिकून घेतले आणि ते रोज वापरले जात असेल, तर ते त्याच्या श्रेणीत दिसले पाहिजे. नाहीतर हे जादा काम ठरते आणि लोक ते जादा कामासारखेच करतात.

शिकवण्याचे काम बाहेरच्या वर्गात न करता आमच्याकडे द्यावे. जळालेले पॅकिंग, चरे पडलेली स्लीव्ह, झिजलेली व्ही-बेल्टची पुली हे सगळे भंगारात जाण्याआधी आमच्या बाकावर येतेच. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसला तर बेल्ट तळाला टेकतो आहे आणि घसरतो आहे, हे दोन मिनिटांत दाखवता येते. बंद यंत्रावर बेल्ट मधोमध दाबून दोन पुलींमधल्या दर मीटरला साधारण १६ मिलिमीटर झुकेपर्यंत किती जोर लागतो आणि त्या बेल्टसाठी किती लागायला हवा, हेही तिथेच शिकवता येते. पाळी बदलताना फलकापाशी असा एक भाग आणि एक फिटर, एवढीच व्यवस्था लागते.

नियोजकांना एक विनंती आहे. पहिला विभाग निवडताना सर्वांत बिघडणारे यंत्र घेऊ नका, कारण तिथे फिटर आणि ऑपरेटर दोघेही आधीच दमलेले असतात. सर्वांत सोपेही घेऊ नका. जिथे थोडे बिघाड नेहमीचे आहेत आणि जिथला पाळीप्रमुख ऐकून घेणारा आहे, असा एखादा पंपांचा किंवा कन्व्हेयरचा गट घ्या, आणि पहिल्या सफाईच्या दिवशी स्वतः फडके घेऊन या. गळणारे सील, काळवंडलेल्या काचा आणि न पोहोचणारे ग्रीस निपल तुम्ही स्वतः पाहिलेत, की स्पेअरच्या मागणीवर सही करताना आम्हाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.